धड्यात वावर काहून नाही?

दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस राहिले होते. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलेलं आणि गुरुजी अनवाणी पायांनी त्यात सऱ्या ओढत फिरत होते. मधूनच एखादा दाणा दाताखाली धरायचे. कट् आवाज आला की ओल गेली, हे त्यांचं मोजमाप. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर दाताला कोण विचारतं? तिथं यंत्र लावतात, आणि ओलावा ठरवून दिलेल्या बारा टक्क्यांच्या वर निघाला की कटकट सुरू. केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाल्यापासून गुरुजींना शाळातपासणीपेक्षा या बारा टक्क्यांची धास्ती जास्त.

फाटक वाजलं. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम आल्या. पाचवीत त्या गुरुजींच्याच वर्गात होत्या, म्हणून गुरुजी अजून त्यांना 'तू' म्हणतात आणि त्या अजून ओट्यावर बसण्याआधी क्षणभर घुटमळतात. हातात किराणा दुकानाची कापडी पिशवी, पिशवीत रबर लावलेले चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे.

या दोघांना वाशिम जिल्ह्यात शोधायला जाऊ नये. माणसं रचलेली आहेत, चिठ्ठ्याही. वाद मात्र रचलेला नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत जेवणाचे डबे उघडले की तो कुठल्या ना कुठल्या रूपात निघतोच. इथं त्याला एक अंगण आणि एक दुपार दिली आहे, एवढंच.

"हे काय, मतपत्रिका?" गुरुजींनी विचारलं.

"तसंच समजा. नववीला शाश्वत विकासाचा घटक घेतला. संपल्यावर पोरांकडून लिहून घेतलं. कुठं समजलं नाही, कुठं पटलं नाही."

गुरुजींचे पाय थांबले. "समजलं नाही, हे ठीक. पटलं नाही म्हंजे? आता धडा पोरायले पटाले पायजे?"

गुरुजी तापले की प्रमाणभाषा सोडतात. नोकरीभर सांभाळली, आता गरज उरली नाही.

'शाश्वत विकास' हा शब्द तसा फार लांबून चालत आलेला. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं 1987 मध्ये त्याची व्याख्या केली: आजच्या गरजा अशा भागवाव्यात की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवताना अडचण येऊ नये. 1992 साली रिओची परिषद झाली. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 17 ध्येये आणि त्यांखाली 169 लक्ष्ये ठरवली, मुदत 2030. आपल्याकडे शाळेत पर्यावरण शिकवणं सक्तीचं झालं ते सर्वोच्च न्यायालयामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये आदेश निघाला, आणि तो कागदावरच राहतोय असं दिसल्यावर 2003 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. आज राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात 'पर्यावरणीय व्यवस्थापन' आणि 'हरित ऊर्जेच्या दिशेने' असे दोन धडे आहेत, त्याशिवाय नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय. ओस्लो, रिओ, न्यूयॉर्क, दिल्ली, पुणे असे थांबे घेत शब्द रिसोड-मानोऱ्याच्या वर्गात पोचतो, तेव्हा त्याच्या अंगावरची धूळ झटकायचं काम एकट्या शिक्षकाच्या वाट्याला येतं.

मॅडमनी पहिला गठ्ठा सोडला. हा गेल्या वर्षीचा.

"आधी तुम्हाला हसायचा माल देते." पहिल्या खेपेला त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला होता: घटक कसा वाटला? उत्तरं आली ती अशी: छान वाटला. खूप छान वाटला. मॅडम छान शिकवतात. एकानं लिहिलं, मॅडमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येतो. एकीनं मॅडमच्या साडीचा रंग चांगला असल्याचं नोंदवलं.

गुरुजी खळखळून हसले. "झालं तुहं संशोधन? मास्तरले जे आयकाचं असते तेच पोरं लिहितात. गुण कोनाच्या हातात हायेत, हे त्यायले पक्कं माहीत असते."

"म्हणूनच प्रश्न बदलले."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तीन प्रश्न दिले. धड्यातली कोणती गोष्ट घरी सांगितली, आणि घरचे काय म्हणाले? धड्यातली कोणती गोष्ट आपल्या गावात तशी नाही? हा धडा तुला शिकवायचा असता तर कुठून सुरू केला असता? नाव लिहायचं नाही. आणि घरी बोलता तसं लिहिलं तरी चालेल. या शेवटच्या सवलतीनं तिन्ही प्रश्नांपेक्षा जास्त काम केलं असणार. प्रमाण मराठीत लिहायला बसलं की मूल आपोआप निबंध लिहायला लागतं, आणि निबंधात सगळं छानच असतं.

मॅडम एकेक चिठ्ठी वाचू लागल्या.

"'पानी वाचवा, असं घरी सांगतलं. बाबा म्हने, मॅडमले म्हना एक दिवस ओलिताले या.'"

"'धड्यात जंगल हाय, समुद्र हाय, शहर हाय. वावर काहून नाही?'"

"'वन्यप्राण्यायचं रक्षण करा असं लिहेल हाय. आमच्या घरचे रोज जागलीले जातात.'"

"'सोयाबीनचा भाव शाश्वत काहून नाही?'"

गुरुजी खाली वाकून सोयाबीनमधला एक खडा वेचत होते. भावाच्या चिठ्ठीला त्यांनी मान वर केली. मॅडमच्या घटकात हवा होती, पाणी होतं, प्लास्टिक होतं, पैसा नव्हता. ब्रुंटलँडच्या व्याख्येला मात्र पर्यावरणाइतकीच अर्थकारणाची आणि समाजाची बाजू आहे. 2023-24 च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4600 रुपये होता, 2024-25 ला 4892, 2025-26 ला 5328. हे आकडे चढते दिसतात. बाजार समितीत पुकारला जाणारा भाव त्यांच्या मागोमाग चढतोच असं नाही, हे नववीतल्या पोराला घरी जेवताना कळलेलं असतं. धड्याला कळलेलं नव्हतं.

जागलीचंही तसंच. कारंजा-सोहोळला काळविटांचं अभयारण्य आहे, आणि पुस्तकातलं 'जैवविविधता' जिल्ह्यात कुठं दाखवायचं तर तिथंच दाखवावं. पण अभयारण्याची हद्द काळविटाला ठाऊक नाही; रोही आणि रानडुक्कर तर हद्द कशाशी खातात हेही विचारत नाहीत. रात्री मचाणावर बसून डबे वाजवायचे, सकाळी तुडवलेल्या वावराचा पंचनामा, मग अर्ज, मग वाट पाहणं. या घरातल्या मुलीला 'वन्यप्राणी आपले मित्र' असं घोषवाक्य लिहायला दिलं तर ती लिहील, सुंदर अक्षरात लिहील, आणि शाळेत सांगायचं वेगळं, घरी जगायचं वेगळं, हा धडा त्याच दिवशी शिकेल.

"पुढची ऐका," मॅडम म्हणाल्या. ही चिठ्ठी वहीच्या अख्ख्या पानावर होती.

"'आमच्या वावरात सोलर पंप बसला. धड्यात सोलर चांगला असं हाय. पयले रातीची लाइन होती तवा दोन-तीन घंटे पानी चाले. आता दिवसभर चालते. बिल नाही. इहीर लवकर खाली जाते. मंग हे शाश्वत कसं?'"

गुरुजी ताडपत्रीवरून बाहेर आले आणि ओट्यावर बसले.

या एका पानाजवळ थांबायला हवं. सौर पंपाचा फायदा खोटा नाही. रात्री-बेरात्री, थंडीत, सापाकिरड्यातून ओलिताला जाणं ज्या घरानं वर्षानुवर्षं सोसलं, त्याला दिवसाचं पाणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. राज्यात आधी मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना होती, 2024 पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आली. डिझेलचा धूर नाही, विजेचं बिल नाही. पण बिल नाही म्हणजे पंप बंद करायलाही कारण नाही. आणि खाली आहे काळा पाषाण. आपल्या भागातला बेसाल्ट पाणी साठवतो तो वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. गाळाच्या प्रदेशासारखं पोटात पाणी धरून ठेवणं त्याला जमत नाही. ऊर्जा स्वच्छ झाली आणि पाणी लवकर संपलं, तर सातव्या ध्येयाला पूर्ण गुण आणि सहाव्याला लाल शेरा. पाणी आणि ऊर्जेवर काम करणारे तज्ज्ञ या गाठीवर गंभीरपणे वाद घालत आहेत. एका पोरानं ती घरच्या विहिरीत डोकावून पाहिली.

"हे पोरगं कोणाचं?" गुरुजींनी विचारलं.

"नाव नाही गुरुजी त्यावर."

"अक्षर ओळखलं असशील."

मॅडम थोडं थांबल्या. "ओळखलं."

"मंग नाव नोको म्हनून काय उपयोग झाला?" गुरुजींचा आवाज आता चढला नाही, उलट उतरला. "हे पाह्य. मी दहा-बारा शाळा फिरलो हरेक महिन्याले. 2006 साली पंतप्रधानाचं पॅकेज आलं, विदर्भातल्या सहा जिल्ह्यायले. आपला जिल्हा त्या सहांत होता. काहून होता, हे तुले माहीत हाय. त्या घरायतली लेकरं वर्गात बसत होती. आमी त्यायले कवा काही इचारलं नाही. चुकलं असंन. पन इचाराले लागलो असतो आन् एखाद्यानं घरचं सगळं लिहून देल्लं असतं, तं मी काय केलं असतं? तो कागद कुठं ठेवला असता?"

मॅडमनी गठ्ठ्याला रबर लावलं. मग म्हणाल्या, "तशी एक चिठ्ठी होती. ती या पिशवीत नाही."

गुरुजींनी पुढं विचारलं नाही.

"वर्गात वाचली नाही. त्या घरी जाऊन आले. यंदा पद्धत बदलली. चौघा-पाच जणांचा गट, एका गटाची एकच चिठ्ठी. अक्षर एकाचं, म्हणणं सगळ्यांचं. आणि ज्याला एकट्यालाच काही सांगायचं आहे, त्यानं मला येऊन भेटायचं."

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये झाला. त्याच्या 29 व्या कलमात अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावं आणि मोकळेपणानं मत मांडायला मदत करावी, असं म्हटलेलं आहे. कलम चांगलं आहे. पण गावच्या शाळेत अक्षर हीच सही असते, याचा विचार कलमात कुठून येणार? चिठ्ठी मागणाऱ्या शिक्षकानं तो करायचा असतो, आणि चिठ्ठी मागण्याआधी करायचा असतो. इथं गुरुजींचं पारडं जड आहे, हे मान्य करावं लागेल.

चहा आला. चहाबरोबर गुरुजींना पुन्हा हुरूप आला.

"आता दुसरा मुद्दा सांगतो," ते म्हणाले. चहा घेताना ते परत केंद्रप्रमुखाच्या भाषेत आले होते. "मुलांना जे माहीत आहे त्यावरच मुलं प्रश्न विचारणार. जे माहीतच नाही ते कोणत्या चिठ्ठीत येईल? ऑगस्टात सोयाबीनचं झाड उपटून दाखव. मुळांवर गाठी दिसतात. निम्मा वर्ग म्हणेल कीड लागली."

"म्हणाला," मॅडमनी कबूल केलं. "यंदाच म्हणाला."

"मग? त्या गाठीत रायझोबियम आहे, ते हवेतला नत्र धरतं, म्हणून सोयाबीनला युरियाची पोती ओतायची गरज नाही, हे सांगणं तुझं काम. ते कोणी मागितलं नव्हतं. तुझ्या चिठ्ठीत आलं, धड्यात समुद्र हाय, वावर काहून नाही. तू काय करणार, समुद्र काढून टाकणार?"

"विचार केला होता. चौदावं ध्येय, पाण्याखालचं जीवन. वाशिमला कुठं समुद्र?"

गुरुजी याच वाक्याची वाट पाहत असावेत. त्यांनी ओट्यावर बोटानं रेघ ओढली. "हा आपला जिल्हा. काटेपूर्णा इथं उगवते, उत्तरेला अकोल्याकडं जाते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, तापी अरबी समुद्राला. आणि ही खाली पैनगंगा. ती वर्धेला, वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांत जातो. वावरातला जास्तीचा युरिया कुठं जातो ते आता पोरांना विचार. समुद्र काढू नको. जवळ आण."

मॅडमनी पर्समधून पेन काढून चिठ्ठीच्या पाठीमागं लिहून घेतलं. पिशवी रिकामी करायला आलेल्या बाईंच्या पदरात उलट एक पाठ पडला होता. तरी एक गोष्ट नोंदवावीच लागेल. हा पाठ निघाला तो 'समुद्र हाय, वावर काहून नाही' या चिठ्ठीतूनच. गुरुजींना तो कित्येक वर्षं माहीत होता. सांगायचा प्रसंग त्यांच्यावर कोणी आणला नव्हता.

गुरुजींना मात्र जिंकल्यासारखं वाटत होतं. "प्रतिसाद, प्रतिसाद! ताराबाई मोडकांनी कोसबाडला कोणाकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या? वारल्यांची लेकरं शाळेत येईनात. का येईनात? ढोरं राखायला जात होती. मग बाईंनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! ताराबाई आणि अनुताई वाघ, दोघींनी कागद मागितला नाही. कोण बसलंय ते पाहिलं, कोण नाही बसलं ते पाहिलं. खरा प्रतिसाद हजेरीत असतो."

यावर मॅडमनी वाद घातला नाही. गठ्ठ्याच्या तळातून त्यांनी एक लहान चिटोरं काढलं आणि गुरुजींच्या हातात दिलं. त्यावर दोनच शब्द होते.

'मी नव्हतो.'

"मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा मुलगा. आई-बाप ऊसतोडीला. गेल्या वर्षी मी हा घटक जानेवारीत घेतला, तो मार्चमध्ये परत आला. आल्यावर त्यालाही कागद दिला. सतरा ध्येयांत स्थलांतर आहे, दारिद्र्य आहे, शिक्षण आहे. ज्याच्यावर तो घटक आहे तोच वर्गात नव्हता."

"हजेरीपत्रक पाहिलं असतं तर आधीच कळलं असतं."

"कळलं असतं. पाहिलं नव्हतं. हजेरी रोज मीच घेते गुरुजी, गैरहजर असं रोज लिहिते, पण त्यावरून घटक कधी घ्यायचा हे ठरवायचं असतं असं डोक्यातच आलं नाही. यंदा सप्टेंबरमध्ये घेतला. सगळे होते."

वार्षिक नियोजनात एका ओळीची जागा बदलली. मॅडमच्या साऱ्या खटाटोपातली सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच होती आणि आमच्या मते सगळ्यात मोठीही. बाकीचे बदल सांगायला सोपे आहेत. घटक आता ब्रुंटलँडपासून सुरू होत नाही, सोयाबीनच्या पोत्यापासून होतो: पेरणीचा खर्च, कुटाराचं काय करायचं, 2023 ला यलो मोझॅकनं पानं पिवळी पडली तेव्हा सगळी अंडी एकाच टोपलीत असल्याचा अर्थ काय, तुरीच्या तासांनी काय वाचवलं. सतरा ध्येयं शेवटच्या तासाला येतात, आणि मुलं आपापल्या चिठ्ठीतली अडचण कोणत्या ध्येयाखाली बसते ते शोधतात. रोह्यावर दोन्ही बाजूंनी वाद होतो. तासिका मात्र आठाच्या अकरा झाल्या. त्या तीन कुठून आणल्या हे मॅडमनी मुख्याध्यापकांना अजून नीट सांगितलेलं नाही.

"अभ्यासक्रम कोन पुरा करीन मंग?" हा प्रश्न गुरुजींनी तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा त्याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

विद्यार्थ्यांच्या म्हणण्यावर पाठ बदलणं हे काही मॅडमच्या पिशवीतून निघालेलं नाही. सातपुड्याच्या पलीकडे, होशंगाबादला, 1972 मध्ये सोळा शाळांत विज्ञानाचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुलं प्रयोग करायची, शिक्षक दर महिन्याला बसून कोणता प्रयोग फसला ते सांगायचे, आणि 'बाल वैज्ञानिक' हे पुस्तक त्यावरून पुन्हा लिहिलं जायचं. मुलांनी प्रश्न विचारायचे तर 'सवालीराम' या नावानं पत्र टाकायचं. सवालीराम नावाचा कोणी माणूस नव्हता, पण पत्रांना उत्तरं जायची.

"बंद पडलं ना ते?" गुरुजींना माहीत होतं.

"सरकारनं बंद केलं, 2002 मध्ये. तीस वर्षं चालल्यावर. आपल्याकडं एक वर्ष तरी चालवून बघू."

गुरुजी उठून पुन्हा सोयाबीनमध्ये गेले. ऊन उतरत होतं. पाठमोऱ्या गुरुजींना मॅडम म्हणाल्या, "एक चिठ्ठी तुमच्यासाठी राहिली आहे. ती मी पाचवीतच द्यायला हवी होती."

"तुही?"

"दरवर्षी शाळा उघडली की पर्यावरण दिनाचं म्हणून आपण शाळेच्या मागं झाड लावायचो. त्याच खड्ड्यात. मागच्या वर्षीचं वाळलेलं रोप उपटायचं, नवं लावायचं, फोटो काढायचा, प्रभातफेरी काढायची. आम्हाला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं."

"शाळेले कुंपन नव्हतं. बकऱ्या येत."

"बकऱ्यांनी नाही गुरुजी, मे महिन्यानं. सुट्टीत शाळेत कोणी नसायचं. शाळेला लागून राहणाऱ्या आम्ही तिघी होतो. आमच्या घरचं धुण्याचं पाणी त्याच बाजूला वाहायचं. विचारलं असतं तर सांगितलं असतं की खड्डा चार हात इकडे घ्या."

रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक शिडी मांडली. आठ पायऱ्या. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. त्यातली एक आहे सजावट. पर्यावरण दिनाला मुलांच्या हातात फलक देऊन गावातून फेरी काढणं कोणत्या पायरीवर बसतं हे ज्यानं त्यानं ठरवावं. फेरी आमच्याही शाळेत निघायची, आणि गुळपट्टी मिळायची म्हणून आम्ही घसा फोडून ओरडायचो.

गुरुजी बराच वेळ पायांनी सोयाबीन सारत राहिले. "चार हात," ते स्वतःशी म्हणाले. मग मोठ्यानं, "पन ते तू सांगतलं असतं तं मी आयकलं असतं असं समजू नोको. तवा मी आयकत नव्हतो."

मॅडमचं खरं काम पुढंच होतं. सोलरच्या चिठ्ठीवरून यंदाच्या वर्गानं एक विहीर धरली आहे. दोरीला हातभर अंतरावर गाठी, टोकाला दगड. सप्टेंबरअखेर पहिली नोंद झाली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, पावसाळ्यानंतर आणि मग जानेवारी, मार्च, मे. त्याच वेळा वर्गानं घेतल्या आहेत. हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरतात आणि शेतीसाठी बोअर घ्यायला गावानंच बंदी घातली आहे. त्या ताळेबंदापर्यंत जायला आधी नोंद हवी. मॅडमना दुसरी विहीर हवी होती, जिच्यावर सौर पंप नाही अशी. तुलनेला.

गुरुजींच्या विहिरीवर विजेची मोटार आहे.

"आना पोरायले," गुरुजी म्हणाले. "पन दोन अटी. कठड्यापाशी दोन मोठे मानसं उभे राहतीन. आन् पोरायनं त्या मोजमापाचे गुण नाही मांगाचे."

"आणि तुम्हाला चिठ्ठी दिली तर?"

"वाचीन. मानीनच असं नाही."

शिक्षक वाचकांना आणि पालकांनाही एक विनंती. बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचं प्रस्तावनेचं पान उघडा. विद्यार्थ्यांना उद्देशून लिहिलेल्या त्या मजकुरात, पुस्तकातला आवडलेला भाग, अभ्यासताना आलेल्या अडचणी आणि पडलेले प्रश्न आम्हाला कळवा, असं सांगितलेलं असतं. दरवर्षी लाखो प्रतींवर ते छापलं जातं. सुट्टीत मुलाला एक पत्र लिहायला बसवा. भाषा सुधारून देऊ नका.